हवा पुरवायची असते

सडबरीत जानेवारी. उणे एकतीस.
खिडकीच्या आतल्या अंगालाही बर्फाची जाळी.
रोझेर माझ्यासमोर बसतो तो कोट न काढता.
पाचवा गुरुवार. चेन गळ्यापर्यंत ओढलेली.
हीटर रटरटतोय, कपाळावर घाम,
तरी कोट अंगावरच.

लिझेट बोलते. तिचं बोलणं चढावरच्या गाडीसारखं,
थांबलं तर मागे घसरेल म्हणून थांबत नाही.
"भिंतीशी लग्न केलंय मी.
भिंत तरी निदान उन्हात तापते."
तो बुटांकडे बघतो. बुटांवरचा बर्फ वितळून
गालिच्यावर एक तळं होत जातं.

आधीच्या आठवड्यांत मी चुकले.
दार ठोठावतच राहिले:
काय वाटतं? आत्ता काय वाटतं? शरीरात कुठे?
तो म्हणायचा, "ठीक."
माझ्या वहीत एके दिवशी लिहिलंय: सहकार्य नाही.
मग खोडलंय. खोडलेलं अजून वाचता येतं.

आज विचारत नाही काही.
खुर्ची जरा तिरकी करते, त्याच्या बुटांच्या दिशेनं,
आणि म्हणते, राहू दे कोट.
तो काहीतरी राखतोय. काय, ते मला ठाऊक नाही.

बराच वेळ नुसता हीटर.
मग तो, बुटांनाच सांगितल्यासारखा:
"खाण बसली तेव्हा खाली आम्ही चौघं.
सत्तावीस तास.
म्हातारा आर्व्हो म्हणाला, कुणी बोलायचं नाही.
हवा पुरवायची असते."

लिझेट चढावर मध्येच थांबते.
घसरत नाही.
"मी फाटकाशी उभी होते," ती म्हणते, "पातळ बुटांत.
तू वर आलास आणि म्हणालास, भूक लागलीय."

"घरात तुझा आवाज चढला
की मला वाटतं, बसली खाण.
मग मी बोलत नाही.
दोघांना पुरावी म्हणून."

हे तो मला सांगतो. तिला नाही.
तिच्याकडे बघून सांगाल, मी विचारते.
"नाही."
पाच आठवड्यांत पहिल्यांदा एक शब्द
पूर्ण वजनानं खाली ठेवलेला.
बरं, मी म्हणते. घास मोठा होता. लहान करू.
सांगता येत नाही, एवढंच सांगाल तिला?

मान वर यायला किती वेळ लागला
मी मोजला नाही.
"लिझेट. तुला हे सांगता येत नाही मला.
सांगितलं तर तुझ्या तोंडावर काय उमटेल,
त्याची भीती वाटते."

आणि ती, जिनं तीस वर्षं नेमकं हेच मागितलं,
हातमोजा उचलते, म्हणते,
"गाडीची वायर लावलीस ना? इंजिन गोठेल."

माझी जीभ शिवशिवते: अहो, बोलला की तो!
गिळते.
ओंजळ इतकी वर्षं रिकामी धरली
की बोटांना मिटायचंच ठाऊक उरलं,
हे मला कळायला हवं होतं.
कोट दोघांच्याही अंगावर आहे, तिचा दिसत नव्हता.

अवघड आहे ना, मी हळूच म्हणते, हे आत येऊ देणं?
ती हातमोज्याचं एकेक बोट ओढत राहते.
"उद्या परत भिंत झाला तर?"
याचं उत्तर माझ्याकडे नाही.
त्याच्याकडेही नाही. पण तो बुटांकडे बघत नाहीये.

वेळ होऊन अकरा मिनिटं झालीत.
बाहेर पुढचं जोडपं खोकतंय.
रोझेर उठतो तेव्हा दिसतं,
चेन चार बोटं खाली आलीय.
केव्हा, ते बहुधा त्यालाही माहीत नसावं.

खिडकीतून बघते: तो वाकून वायर काढतोय.
ती गाडीत बसलेली नाही, शेजारी उभी आहे.
वाफ एकाच्याच तोंडून निघतेय की दोघांच्या,
काचेवरच्या जाळीतून कळत नाही.

फडकं घेऊन मी
गालिच्यावरचं तळं टिपायला बसते.